मारामारीच्या कॅसेटीचं लेबल

आई, काल माळ्यावरून व्हिडिओ गेमच्या कॅसेटींचा डबा खाली काढला. तोच, दवाखान्यात लसी यायच्या तो थर्माकोलचा पांढरा डबा, ज्याच्या झाकणाला तू बाहेरून नाडी बांधायचीस. नाडी कुजून गेली होती, डबा मात्र जसाच्या तसा आहे. आत सत्तावीस कॅसेटी, पुठ्ठ्याच्या पट्ट्या घालून केलेल्या कप्प्यांत उभ्या, आणि प्रत्येक कोपऱ्यात औषधांच्या बाटल्यांतून निघालेल्या त्या ओल शोषणाऱ्या बारीक पुड्या. दर उन्हाळ्यात तू त्या पुड्या ताटात काढून गच्चीवर वाळवायचीस आणि शेजारच्या मावशी विचारायच्या, "सिस्टर, पापड लईच बारीक केले की हो यंदा." तू गेल्यापासून चौदा वर्षं त्या कुणी वाळवल्या नाहीत. तरी कॅसेटींना गंज नाही. तुझी लेबलं तेवढी सुटली आहेत. तू जखमेच्या पट्टीची चिकटपट्टी कापून लेबलं करायचीस ना, तिचा डिंक वाळला आहे. काही पट्ट्या हात लावताच निघाल्या, काही आधीच डब्याच्या तळाशी पडल्या होत्या.

डबा काढायचं कारण दादा. परवा त्याचा परतूरहून फोन आला. औषधांच्या दुकानाचं फर्निचर त्यानं नवीन केलं आहे, काउंटरच्या मागे काचेचा एक छोटा कप्पा केला आहे, आणि त्यात त्याला ती मारामारीची कॅसेट ठेवायची आहे. म्हणाला, "तुझं अक्षर आईसारखं हाय. चांगलं मोठं लेबल लिहून दे. लिही की, लहानपणी हिच्यावरचं लेबल मी बदललं, आईची चापट खाल्ली आणि औषधवाला झालो. गिऱ्हाईक वाचल अन् हसल." मी बरं म्हणाले. रविवारी तो घ्यायला येतो आहे. आज शुक्रवार.

आधी मला वाटलं, एक कॅसेट पुसून द्यायची, त्याला काय लागतं. पण सुटलेली लेबलं पाहिली आणि कुठलं कशाचं हे कळेना. कॅसेटींवरच्या मूळ स्टिकरवर विश्वास ठेवायचा नाही हे तर तूच शिकवलेलं. आठवतं, मोठ्या डॉक्टरांची बदली झाली तेव्हा त्यांच्या बाईंनी जाताना पिशवीभर कॅसेटी तुझ्या हातात दिल्या होत्या. बाबांनी साखर कारखान्याचा गाळपाचा हंगाम संपल्यावर अंकुशनगरहून येताना व्हिडिओ गेम आणला होता, त्याच्यासोबत दोनच कॅसेटी होत्या, त्यामुळे आम्ही दोघं त्या पिशवीवर तुटून पडलो. स्टिकरवर विमान, लावली की आत बेडूक. स्टिकरवर वाघ, आत मोटार. काहींवरचे स्टिकर अर्धे फाटलेले, काहींवरची अक्षरं कुठल्या देशाची तेही कळत नव्हतं. दादा हसत होता आणि तू कमरेवर हात ठेवून उभी होतीस. "हे काय, बाहेर एक अन् आत एक?" म्हणालीस, जणू कुणी तुझ्या वॉर्डातल्या बाटल्या हलवल्या होत्या. मग ड्युटीवरून आल्यावर रोज एक कॅसेट लावायला लावायचीस, खुर्ची ओढून समोर बसायचीस, पाच मिनिटं नीट बघायचीस आणि जे दिसलं ते लिहायचीस. "बर्फावरचं अस्वल." "रणगाडे, आपली भिंत वाचवणे." "बेडूक, रस्ता ओलांडतो." "विमान, समुद्रावर, लवकर पडतं." एवढं सोपं आणि खरं लिहिलेलं मी पुढे फार कमी वाचलं.

आणि नावाखाली ते आकडे. तू दिवसभर दवाखान्यात, बाबा हंगामात कारखान्यावर, म्हणजे डबा राहायचा शेजारच्या क्वार्टरमधल्या मावशींकडे. त्या तुझ्याच वॉर्डात आया होत्या, पण रात्रपाळीला, म्हणून दिवसा घरी असायच्या. त्यांना अक्षरं नीट वाचता येत नव्हती, पण गोळ्यांच्या पाकिटावरचे आकडे त्या तुझ्यापेक्षा जल्दी वाचायच्या. म्हणून तू गेमचा डोस ठरवून दिलास. अस्वल १–०–१, सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. मोटारही १–०–१. रणगाडे ०–०–१, कारण त्यात आम्ही जास्त भांडायचो. आणि मारामारीच्या कॅसेटीवर ०–०–०, खाली "फक्त मी घरी असताना." दादानं तक्रार केली तर म्हणालीस, "दिवसभर फुटलेल्या डोक्यांना पट्ट्या करते मी. घरी येऊन पण तेच बघू का?" मावशी डबा मांडीवर घ्यायच्या, लेबलावर बोट ठेवायच्या आणि गंभीरपणे सांगायच्या, "सकाळचा डोस झाला तुमचा. आता संध्याकाळी."

माझी मुलगी आता कॉलेजात आहे. तिनं कुठून तरी मागवलेलं नवीन मशीन आहे, त्यात या जुन्या कॅसेटी चालतात. काल तिला घेऊन बसले. तिनं पहिली कॅसेट उचलली आणि तोंडाजवळ नेऊन फुंकर मारणार एवढ्यात मी ओरडले, "फुंकू नको! थुंकी जाते आत, पट्ट्या सडतात." ती दचकली. मीही दचकले, कारण तो आवाज माझा नव्हता. मग तुझ्यासारखंच स्पिरिट आणि कापूस घेऊन प्रत्येक कॅसेटीच्या तांब्याच्या पट्ट्या पुसल्या, कापूस काळा झाला की बदलला, आणि एकेक लावून पाच पाच मिनिटं पाहिली. मुलगी म्हणाली, "मम्मी, लोक असल्या कॅसेट काचेत ठेवतात, पण त्यांना ओरिजिनल स्टिकर लागतो. आजीनं सगळ्यांवर पट्ट्याच मारून ठेवल्या." मी म्हटलं, "ओरिजिनलवर खोटं लिहिलेलं होतं." तिला ते पटलं की नाही माहीत नाही. सव्वीस कॅसेटी बराबर निघाल्या. तू लिहिलेलं एकही चुकीचं नव्हतं. पुसट झालेली लेबलं मी नवीन पट्टीवर तशीच उतरवून काढली, डोससकट. ऑफिसच्या रेकॉर्डरूममध्ये मी रोज गठ्ठ्यांवर चिठ्ठ्या लावते, पण असं सावकाश कधी लिहीत नाही. राहिली सत्ताविसावी.

त्या दिवसाचं सांगते. तुला सगळं माहीत आहे, तरी सांगते, कारण मी कधीच सांगितलं नाही. मी चौथीत, दादा आठवीत. शाळेला सुट्टी आहे, तू सकाळच्या ड्युटीवर आहेस, मावशी मागच्या मोरीवर भांडी घासून राहिल्या आहेत आणि डबा त्यांच्या ओट्यावर उघडा पडला आहे. मला मारामारीत दादाला एकदा तरी हरवायचं होतं आणि तू असताना दोनच डाव मिळायचे. मी मोटारीच्या कॅसेटीवरची पट्टी अंगठ्याच्या नखानं उचलली, मारामारीवरची उचलली आणि अदलाबदल केली. एवढंच. एका मिनिटाचं काम. दादाला काही बोलले नाही. मावशींनी हात पुसत लेबलावर बोट ठेवलं, एक-शून्य-एक वाचलं आणि कॅसेट दिली. पडद्यावर मारामारी आल्यावर दादा खूश होऊन म्हणाला, "मावशी आज चुकल्या वाटतं, गप बस." मी गप बसले. तीन डाव हरले आणि चौथ्याला रिमोट खाली ठेवून भिंतीला टेकले, तेव्हा तू दारात उभी होतीस. चष्मा विसरला होता म्हणून आली होतीस.

तुझा आवाज चढला नव्हता. तू मावशींना हाक मारलीस. त्या ओल्या हातांनी आल्या. "सिस्टर, म्या काय आपल्या मनानं दिली का? एक-शून्य-एक हाय की त्याच्यावर. बघा तुम्हीच." तू मशीन बंद केलंस, कॅसेट ओढून काढलीस, खिडकीपाशी नेऊन लेबल पाहिलंस. पट्टीचा कोपरा मुडपलेला होता. तुझ्या चेहऱ्यावरचा रंग गेला. मी तुला रागावलेलं पाहिलं होतं, घाबरलेलं पहिल्यांदा पाहिलं. "लेबल कुणी बदललं?" रिमोट दादाच्या हातात होता. तो म्हणाला, "मी नाही." तू परत विचारलंस, तो परत म्हणाला, "आई, खरंच मी नाही," आणि तुझा हात उठला. तू आम्हाला कधी मारलं नव्हतंस. त्यानंतरही कधी मारलं नाहीस. "वॉर्डात असं कुणी केलं असतं तर? एखादं लेकरू गेलं असतं माझ्या हातानं. माझ्या हातानं, कळलं का?" दादा गालावर हात ठेवून बघत राहिला. मावशी म्हणाल्या, "जाऊ द्या सिस्टर, खेळणं हाय ते." तू म्हणालीस, "लेबल खेळणं नसतं." आणि चष्मा न घेताच ड्युटीवर परत गेलीस.

संध्याकाळी आलीस तेव्हा दादाच्या गालाला ओल्या फडक्यानं शेकलंस, त्याला जवळ घेतलंस. मग मला उंबऱ्यावर उजेडात बसवलंस आणि ती बारीक वाकडी कात्री काढलीस. आपल्याकडे नखं रविवारी कापायची आणि त्या दिवशी रविवार नव्हता. तू एकेक बोट घेत आलीस. उजव्या अंगठ्याशी थांबलीस. नखाखाली चिकटपट्टीचा राखाडी डिंक बसला होता, मळ धरून. मी हात ओढला नाही, ओढता आला नाही. तू स्पिरिटचा कापूस घेतलास, तो डिंक पुसून काढलास, आणि अंगठा तसाच तुझ्या दोन बोटांत धरून ठेवलास. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मग म्हणालीस, "आजपासून लेबलं तू लिहायची. काय दिसतं तेच लिहायचं." बस. उठून भाकरी टाकायला गेलीस. मी लिहिलेलं पहिलं लेबल होतं मारामारीचं. ०–०–०. तिन्ही शून्यं मी दोनदोनदा गिरवली.

दुसऱ्या दिवशी दादाला तू सोबत दवाखान्यात नेलंस आणि औषधांचे ट्रे दाखवलेस. परत आला तो वेगळाच होऊन. पुढचं तर तू पाहिलंसच. तो आजही पाकीट तीनदा वाचल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हातात देत नाही, आणि नव्या पोराला कामावर ठेवलं की आधी ही गोष्ट सांगतो. पण आई, तुझ्यानंतर एक झालं आहे. आधी तो सांगायचा, "आईला वाटलं लेबल मी बदललं." मग काही वर्षांनी सांगायला लागला, "लेबल बदलल्याबद्दल मला मार बसला." आणि आता म्हणतो, "मी बदललं." तो खोटं बोलत नाही. त्याला खरंच तसं आठवतं. मोरीवरच्या मावशी, उघडा डबा, नखानं उचललेली पट्टी, सगळं तो सांगतो. हे त्यानं पाहिलेलंच नाही. मीच कधीतरी हळूहळू त्याला पुरवलं असणार, "मावशी भांडी घासत होत्या ना तेव्हा," असं मधे मधे बोलून. माझी चूक त्यानं घेतली, वाढवली, आणि तिच्यावर इतकं चांगलं दुकान उभं केलं. आता ती परत मागायची म्हणजे त्याचं काहीतरी काढून घेतल्यासारखं होतं. आणि नाही मागितली तर मला स्वतःच्या अक्षरात, तुझ्यासारख्या अक्षरात, खोटं लेबल लिहायचं आहे.

तू त्याला का सांगितलं नाहीस, याचा मी खूप विचार केला. तुला कळलं होतं, अंगठा धरलास तेव्हाच. मला वाटतं तू वाट बघत होतीस. दुकान उघडलं त्या दिवशी त्यानं पाहुण्यांसमोर ही गोष्ट सांगितली, सगळे हसले, आणि तू त्याच्याकडे बघितलंच नाहीस. तू माझ्या हातांकडे बघत होतीस. मी ते पदराखाली घेतले. तेव्हा बोलायला हवं होतं. मग तुझं आजारपण आलं आणि मग बोलायला तू नव्हतीस, आणि मी मनाशी धरून बसले की आता विषय मिटला. माझ्या एका गोष्टीनं मावशी मात्र मरेपर्यंत स्वतःला दोष देत राहिल्या, "म्याच नीट बघितलं न्हाई," म्हणत. त्यांनाही सांगायचं राहून गेलं.

आज ऑफिसातून येऊन लेबल लिहिलं. पांढरी चिकटपट्टी, निळं बॉलपेन. "मारामारी. ०–०–०. हिच्यावरचं लेबल दादानं बदललं नव्हतं. मी बदललं होतं. चापट त्याला बसली." काय दिसतं तेच. थोडं लांबलं, म्हणून पट्टी कॅसेटीच्या मागच्या बाजूवर वळली आहे. चिकटवून अंगठ्यानं कडा दाबून घेतल्या. रविवारी तो येईल, चहा घेईल, कॅसेट हातात घेईल आणि काहीही देण्याघेण्याआधी तीनदा वाचायची त्याची सवय आहे. मला तोंडानं काही बोलावं लागणार नाही. हे धाडस नाही, माहीत आहे मला. काचेत ठेवायचं की नाही ते त्यानं ठरवावं.

हे पत्र डब्यात तळाशी, पुड्यांच्या खाली ठेवते. पुड्या एप्रिलमध्ये वाळवीन. एक सांगायचं राहिलं. दादानं सांगितलं होतं ते लेबल मी काल आधी लिहून पाहिलं होतं, जसंच्या तसं, आणि अक्षर फार सुंदर आलं होतं. रात्रभर ते कॅसेटीवर होतं. आज सकाळी काढलं. काढताना कोपरा उचलेना, म्हणून नखानं उचलला.