ह्यांचा कोपरा

४ जून
मी कामावर गेले, परत आले. पोर आजही जेवली नाही.

हे होते तेव्हा रोज जेवणाआधी खेळ व्हायचा. स्वयंपाकघरातल्या फळ्यावर चौकोन. चौघांनी एकेका कोपऱ्यात आपला आकडा घालायचा. शेजारच्या दोन आकड्यांमधला फरक काढायचा — चार फरक, त्यांचा नवा चौकोन, पुन्हा फरक. चारही शून्यं आली की मगच ताटं वाढायची. ज्याची वजाबाकी चुकेल त्याने भांडी घासायची. बहुतेक मीच! "तुझ्या आईला शाळेत वशिल्याने पास केलंय," हे पोरीला सांगायचे.

आता मी, पोर, सासूबाई — तिघींचे तीन आकडे. ह्यांचा कोपरा रिकामा. शून्यं येतच नाहीत. आणि ती आल्याशिवाय पोर ताटावर बसत नाही.

५ जून
ह्यांच्या कोपऱ्यात मी तीन घातला. पोरीने पुसला. सासूबाई तिच्याच बाजूने. माझ्या मुलाच्या जागी कुणी हात लावायचा नाही, म्हणाल्या. त्या अजून रोज चार ताटं घेतात.

६ जून
दुपारी एकटीनेच करून पाहिलं. वाटलं, पोर कुठेतरी चुकत असेल. नाही चुकत. एक, एक, शून्य — मग तेच जागा बदलून फिरत राहतं. तीन आकड्यांत हे कधी संपतच नाही. तिला सांगितलं. "बाबा असते तर शून्य आलं असतं," म्हणाली.

मी काय करू?

८ जून
डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. नुसत्या दुधावर किती दिवस काढणार? उद्या जेवली नाही तर दाखल करा, म्हणाल्या. जिन्यापर्यंत पोचवायला गेले.

९ जून
माझा चार, पोरीचा सात, सासूबाईंचा दोन. पुन्हा तेच फिरायला लागलं. पोरीचा खडू थांबेना. मी दवाखान्याची पिशवी भरत होते.

सासूबाई उठल्या. तिच्या हातातून खडू घेतला. ह्यांच्या कोपऱ्यात हळूहळू शून्य काढलं.

"एवढाच उरलाय तो आता. घे, कर पुरं."

पोरीने खडू परत घेतला. मग तीन, पाच, दोन, चार. दोन, तीन, दोन, एक. चारही एक. चारही शून्य.

"आई, वाढ."

जेवली. भांडी मी घासली. ताटं तीनच होती.