तिसऱ्या मजल्यावरची खोली

रविवार, सकाळ

प्रिय धाकटोबा,

ताईचे पोटभर आशीर्वाद. मी फोन उचलत नाही म्हणून रागावला असशील. रागाव. पण हे पत्र शेवटपर्यंत वाच, मधेच कोणाला वाचून दाखवू नकोस.

आईची तब्येत ठीक आहे. गुडघा कुरकुरतो, पण जिभेला काही झालेलं नाही. स्वयंपाकघरातला नळ अजून गळतोय. प्लंबर ‘उद्या येतो’ म्हणाला त्याला महिना झाला. समोरच्या वहिनी विचारत होत्या, ‘तुमचा भाऊ टीव्हीवर एवढा ओरडतो, घरी पण असाच का?’ मी म्हटलं, घरी तर तोंडातून शब्द फुटायचा नाही त्याच्या. शाळेत कविता म्हणायला उभा राहिलास आणि रडत खाली बसलास, ते आठवलं. हसू आलं, आणि मग आलं नाही.

आमच्या हॉस्पिटलातली ती खोली आता बंद आहे. दाराला कुलूप, बाहेर खुर्ची टाकून पोलीस. तुला ती खोली माहीत आहे, तरी सांगते, कारण तुझ्या कार्यक्रमात ती जशी दिसली तशी ती कधीच नव्हती. तिसऱ्या मजल्यावर, अतिदक्षता विभागाच्या शेजारी, पूर्वी चादरी ठेवायची जागा, नंतर नातेवाइकांना प्रार्थनेला बसायला दिलेली. आत ना तसबीर ना मूर्ती, ना कोणाचं चिन्ह. चटया, चार खुर्च्या, एक पंखा. आतल्या माणसाचं काय होतंय ते कळत नसलं की बाहेरच्यानं कुठंतरी बसायला हवं ना? आपल्यातले यायचे, त्यांच्यातले यायचे, कुठल्याच देवाला न मानणारेही नुसते भिंतीला टेकून बसायचे. आईच्या ऑपरेशनच्या वेळी तूही बसला होतास, डोळे मिटून.

आता तो दिवस. एक आजीबाई, आपल्यातल्या, नातवासाठी मोठ्यानं स्तोत्र म्हणत होत्या. सोबत सात-आठ माणसं. त्यांच्यातला एक तरुण दारात आला. त्याची बायको ऑपरेशनच्या टेबलावर होती, बाळ अडलं होतं. ‘जरा हळू म्हणा ना, मलाही बसायचंय,’ म्हणाला. आजींचा मुलगा म्हणाला, ‘देवाचं नाव हळू घ्यायचं होय?’ आवाज चढले. तेवढ्यात आमचे श्वासधरे मधे पडले. हे नाव वॉर्डानं ठेवलेलं. एक्स-रे काढताना दिवसभर ‘श्वास घ्या, धरा, सोडा’ करतात म्हणून. ते आजींना म्हणाले, ‘आई, तुमचं पूर्ण होऊ द्या, पण मनातल्या मनात. देवाचे कान माझ्या मशीनपेक्षा चांगले आहेत.’ आजी हसल्या. सरकून त्या पोराला चटईवर जागा दिली. संपलं!

हे मी तुला त्या रविवारी फोनवर सांगितलं. श्वासधऱ्यांची नक्कल करून, थोडं तिखटमीठ लावून. तू पोट धरून हसलास. नंतर म्हणालास, ‘ताई, ते श्वासधरे त्यांच्यातले ना?’ मी म्हटलं, हो. भाजी फोडणीला टाकत होते. तू का विचारलंस हे मनातही आलं नाही.

तीन दिवसांनी तुझा कार्यक्रम. लाल अक्षरं. ‘रुग्णालयात प्रार्थनेवर बंदी?’ खाली, त्यांच्यातल्या एक्स-रेवाल्यानं आजींचं स्तोत्र बंद पाडलं, असं. आणि तू म्हणालास, ‘एका परिचारिकेनं नाव न सांगण्याच्या अटीवर आम्हाला माहिती दिली.’ मी अट घातली नव्हती रे. माहिती देतेय हेच मला ठाऊक नव्हतं. मी भावाशी बोलत होते.

मी लगेच फोन केला, तेव्हा तू काय म्हणालास ते शब्दन् शब्द लक्षात आहे. ‘मी काही खोटं बोललो का? शेवटी प्रश्नचिन्ह होतं. आणि ताई, पाण्याच्या टाकीवर आठवडाभर कार्यक्रम केला, कुत्रं फिरकलं नाही. धर्म म्हटलं की सगळे बसतात.’

बसले ना. दुसऱ्या दिवशी आमच्या फाटकाशी येऊन बसले. घोषणा, झेंडे. रुग्णवाहिका आत यायला वाट मिळेना. एका गरोदर बाईला स्ट्रेचरवरून मागच्या दारानं आणलं, धुण्याच्या खोलीतून. मग ‘त्यांचा’ मोर्चा आला. गेली इतकी वर्षं एका डब्यात जेवणारे आमचे वॉर्डबॉय दोन बाकांवर बसायला लागले. श्वासधऱ्यांना अधीक्षकांनी घरी बसवलं, ‘चौकशी होईपर्यंत’. त्यांच्या घराच्या दारावर कोणीतरी काळं फासलं. त्यांची मुलगी दहावीला आहे. ती शाळेत जाईना.

आजी आणि तो तरुण, दोघेही परत आले होते, हे तुला कोणी सांगितलं नसेल. तरुणाच्या हातांत दुपट्यात गुंडाळलेलं बाळ होतं. फाटकाशी तुमचेच कॅमेरे उभे होते. आजी माइकसमोर जाऊन म्हणाल्या, ‘अहो, भांडण झालंच नाही. मी ह्याला जागा दिली, हा मला पाणी आणून द्यायचा.’ माइक धरलेला मुलगा म्हणाला, ‘आजी, तुम्हाला दुखावल्यासारखं वाटलं का, तेवढंच सांगा.’ त्या म्हणाल्या, ‘नाही.’ त्यानं माइक काढून घेतला.

एकच बातमीदार थांबली, इथल्या छोट्या पेपरातली. केस विस्कटलेली, बुटांना चिखल. तिनं दोघांचं सगळं ऐकून घेतलं, मग आत येऊन सगळ्यांना विचारत बसली. कोण येतं, किती वेळ बसतं, खोली कोणी मागितली होती. तुमच्याच धंद्यातली आहे, म्हणून सांगते. शेवटी मला म्हणाली, ‘सिस्टर, चॅनेलला हे कळलं कुठून?’

मी म्हटलं, ‘मला काय माहीत.’

आणि चौकशीतही तेच म्हटलं. एकदा नाही, दोनदा. श्वासधरे बाहेर बाकावर बसले होते, मी त्यांच्यासमोरून गेले. कारणं होती माझ्याकडे. नोकरी, आईची औषधं, तुझं नाव. मनाची समजूत काढायला माणसाला काय, काडीही पुरते.

मग या गुरुवारी तुझा तो कार्यक्रम पुन्हा लागला. आईला तू दिसलास की आवाज मोठा करायची सवय. खोलीचा फोटो आला आणि ती एकदम म्हणाली, ‘अगं, ही माझी शाल!’ मी पाहिलं. कोपऱ्यात खुर्चीचा हात आणि त्यावर निळ्या काठाचं टोक. तिच्या ऑपरेशननंतर मी त्या खोलीत काढलेला फोटो, आपल्या घरच्या ग्रुपवर टाकलेला. तुम्ही आईला कापून काढलंत आणि खोली ठेवलीत.

आईला समजवावं लागलं नाही. तिनं टीव्हीचा आवाज बंद केला. मग म्हणाली, ‘म्हणजे आपल्याच घरातून गेलं.’ तुला ठाऊक आहे, सकाळी देवाचं झाल्याशिवाय ती पाणी पीत नाही. शुक्रवारी ती देवापुढे न जाता तशीच बसून होती. विचारलं तर म्हणाली, ‘काय मागू त्याच्याकडे? आधी तू हॉस्पिटलात जा.’

गेले. अधीक्षकांना सांगितलं, ती परिचारिका मी, आणि तो माझा भाऊ. आधी खोटं बोलले तेही सांगितलं. ते कपाळाला हात लावून बसले. मला मेमो मिळाला आहे, पुढं काय होईल ते होईल. श्वासधऱ्यांना त्याच दुपारी परत घेतलं.

काल मी त्यांच्या घरी गेले. दार अजून अर्धं काळं होतं, घासून घासून रंग उडालेला. त्यांच्या बायकोनं मला आत घेतलं, पण बस म्हटलं नाही. ते बाहेर आले. मी माफी मागितली. ते म्हणाले, ‘सिस्टर, बातमीचं मी समजू शकतो, तुम्हाला कळलं नाही. पण त्यानंतर? मी बाकावर बसलो होतो, तुम्ही माझ्यासमोरून गेलात.’ ‘असू दे, असं मी म्हणणार नाही,’ ते म्हणाले, ‘माझ्यानं म्हणवत नाही.’ कामावर ते येणार नाहीत. दुसऱ्या गावी नोकरी धरली आहे. आत मुलगी पुस्तकं खोक्यात भरत होती. तिनं मान वर केली नाही.

तिथून निघाले ती थेट त्या बातमीदार पोरीकडे. सगळं सांगितलं. तिनं विचारलं, ‘भावाचं नाव घालायचं का? नुसतं “एका वाहिनीचा निवेदक” म्हणता येईल.’ मी म्हटलं, नाव घाल. माझंही घाल. ती म्हणाली, ‘मग त्यांनाही त्यांची बाजू विचारावी लागेल.’ ती आज तुला फोन करेल. तो तरी उचल. उद्याच्या अंकात येईल. हे पत्र मी तुझ्या ऑफिसात माणसाहाती पाठवतेय, म्हणजे तुला दुसऱ्या कोणाच्या तोंडून आधी कळायला नको. एवढं तरी नातं मी राखलंय.

तुझं वाटोळं व्हावं असं मला वाटत नाही. लहानपणी तुला कडेवर घेऊन फिरले आहे मी. पण आता फोन वाजला की मी तो उपडा ठेवते. हवापाण्याचं बोलावं म्हटलं तरी वाटतं, हेही बातमीत जाईल.

आई म्हणते, ‘त्याला ये म्हणून लिही. बोलेन मी त्याला, पण ये म्हण.’ तिचा निरोप पोचवला. माझा वेगळा आहे. श्वासधऱ्यांचं सामान येत्या शनिवारी हलणार आहे. त्याआधी त्यांच्याकडे जा. कॅमेरा नको, बरोबर कोणी नको. कोपऱ्यापर्यंत मी येईन, पण दार तुझं तू वाजवायचंस. ते उघडतील की नाही, मला सांगता येत नाही. मग आईकडे ये.

तुझ्यावर भयंकर चिडलेली, आणि त्या कोपऱ्यावर तुझी वाट बघणारी,
ताई