तिसऱ्या विहिरीचे दोन आणे

शुक्रवार, ता. १२, संध्याकाळ

दादा,

नमस्कार. पाकिटावर ह्यांच्या अक्षरात वहिनीचं नाव बघून दचकू नकोस. माझं अक्षर दिसलं की तू पाकीट न उघडता कपाटावर फेकतोस आणि फोन तर उचलतच नाहीस, म्हणून ही शक्कल. वहिनीवर डाफरू नकोस, तिला यातलं काही ठाऊक नाही. पत्र ह्यांच्या हाती पाठवतेय, त्यांना निदान चहा विचार.

इकडे सगळे ठीक. ह्यांची पाठ पुन्हा धरलीय. पोरीचे पुढचे दोन दात पडलेत आणि ते भोक मामाला दाखवायचंय असा तिचा हट्ट आहे. मी आहे तिथंच आहे. बाबांची कंपनी सोडून लिहिते म्हणून तू रागावलास, ज्यांना 'परक्यांचे हिशेब' म्हणतोस, तेच लिहितेय. त्यातच आता तुझं नाव निघालंय. तेव्हा हे पत्र सोमवारच्या आत पूर्ण वाच, मग हवं तर कपाटावर टाक.

तुला धंदा शिकवायचा नाहीये. पण राग आला की तू अर्धंच ऐकतोस, म्हणून पहिल्यापासून सांगते. गॅसच्या त्या तीन विहिरींत आमच्या कंपनीचे आठ आणे, मोठ्या कंपनीचे सहा आणि बाबांनी हौसेनं आपल्या कंपनीच्या नावावर घेतलेले, आता तुझे, दोन. महिना संपला की आम्ही सॉफ्टवेअरमध्ये वाटप चालवतो. झालेला खर्च आणि आलेली विक्री ज्याच्या त्याच्या वाट्यानं भागीदारांच्या नावावर पडते. खर्चाचे वाटे एका ठिकाणी भरलेले असतात, विक्रीचे दुसऱ्या ठिकाणी. तिथंच घोडं पेंड खातं.

गेल्या वर्षी तिसरी विहीर मंदावली. ती खोल करायची ठरली आणि दोन्ही भागीदारांना विचारणा गेली की खर्चात येता का, महिनाभरात कळवा. पुढचा रिवाज तुला पाठ आहे. उत्तर आलं नाही तर नकार धरतात. नकार देणाऱ्यावर खर्च पडत नाही, पण इतरांचा खर्च दामदुपटीनं वसूल होईपर्यंत त्या विहिरीतून त्याला दमडी मिळत नाही. तुझं उत्तर आलं नाही. विहिरीला मात्र गॅस लागला, आणि भरपूर लागला.

आमच्याकडे वाटे भरणाऱ्या मास्तरांनी (खरे मास्तर नव्हेत, हातात खडू असल्यासारखे बोलतात म्हणून) तुझा वाटा खर्चातून काढला. विक्रीतून काढायचा राहिला. सात महिने तुला तिसऱ्या विहिरीचे पैसे जात राहिले, हक्क नसताना. तुला वाटलं असणार, जुन्या विहिरी जोरात आहेत. मंगळवारी मला तुझ्या नावापुढं खर्चाचा रकाना रिकामा आणि विक्रीचा भरलेला दिसला. त्याच संध्याकाळी वहिनीचा फोन. नवा पंप घेतला, घरी बसवलेली दोन माणसं परत बोलावली, किती खुशीत सांगत होती.

दुसऱ्या दिवशी मी दुसरीच कामं काढून बसले. राहू दे असंच, असंही वाटलं. लग्नानंतर आडनाव बदललेलं, आपलं नातं ऑफिसात कुणाला माहीत नाही. पण मोठ्या कंपनीचे लोक सोमवारी हिशेब तपासायला येतायत. त्यांना हे सापडलं असतं तर आधी तू चोर ठरला असतास, मग मी. काल साहेबांना सांगितलं की अशी चूक सापडलीय आणि हा भागीदार माझा सख्खा भाऊ आहे. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, वाटप उलटवा, मास्तर शेजारी बसतील.

उलटवलं, दादा. आज सकाळी. मीच.

मधलाच महिना उपटता येत नाही. शेवटच्यापासून एकेक करत मागं यावं लागतं, आणि खर्च नि विक्री दोन्ही निघतात. दर वेळी तुझ्या नावापुढची रक्कम उणे होऊन खाली यायची. मास्तर एरवी मला चिडवतात, "बाई, हळू, ते बटण आहे, डास नाही." आज त्यांनी पाण्याचा ग्लास पुढं सरकवला आणि म्हणाले, चूक माझी आणि भोगताय तुम्ही.

शेवटी विहीर कोरी झाली. कुणाच्याच नावावर खर्च नाही, विक्री नाही. ती तशी बघितली आणि मला सुचलं. सोमवारी वाटप पुन्हा चालवायचंच आहे. तुला बाहेर ठेवून चालवलं तर सात महिन्यांचे पैसे तुझ्याकडून परत घेणार. पंप जाईल, माणसं जातील आणि बाबांची कंपनी उभी राहणार नाही. तुला आत घेऊन चालवलं, तर खर्चाचे दोन आणे तुझ्यावर पडतील, पण ते विक्रीतून वळते होतील आणि विहीर तुझी राहील.

साहेबांना विचारलं. मोठ्या कंपनीची हरकत नसेल तर होईल म्हणाले. पण भागीदारानं स्वतः येऊन सांगायला हवं, की विचारणा वाचलीच नव्हती, आणि का वाचली नव्हती. "येतील ना ते?" मी म्हटलं, येईल. तुला न विचारता शब्द देऊन बसलेय.

त्या विचारणेच्या पाकिटावर पत्ता मी घातला होता. तुला वाटलं, बहिणीचं पुन्हा भांडण आलं. ऑफिसचं ते लांबुडकं पाकीट कपाटावर अजून तसंच आहे, वहिनीच बोलता बोलता म्हणाली. आता चार परक्यांसमोर तुला सांगावं लागेल, की बहिणीवर राग होता म्हणून उघडलं नाही. तुझा ताठा मला माहीत आहे. त्यापेक्षा तू पंप विकशील.

म्हणून माझंही ऐक. मुदतीच्या शेवटच्या दिवशी तुझं उत्तर आलं नाही हे मला ठाऊक होतं. फोन हातात घेतला होता. मग वाटलं, वर्षभर यानं मला विचारलं नाही, मीच का करू? ठेवून दिला. फोन करायला मनाई नव्हती, दादा. माझ्या नाकावरचा राग होता, दुसरं काही नाही. साहेबांना हेही सांगितलंय. नोकरी राहते की जाते ते सोमवारीच कळेल. तुला एकट्याला मान खाली घालायला लावणार नाही. आधी मी बोलेन, मग तू बोल.

सोमवारी अकरा वाजता ये. मी दारात उभी असेन. येताना ते लांबुडकं पाकीट घेऊन ये आणि रागाच्या भरात फोडू नकोस. ते बंद आहे हाच तुझा पुरावा. आयुष्यात एकदाच सांगतेय की माझं पाकीट उघडू नकोस, तेवढं ऐक.

तू आला नाहीस तर ते लोक रिवाजाप्रमाणे नकार धरतील आणि वाटपाचं बटण मला दाबावं लागेल. तेही मी दाबेन. पण तुझं उत्तर आलं नाही म्हणजे तू नाही म्हणालास, असं मी एकदा धरून बसले. आता नाही धरणार. सोमवारी आला नाहीस तर मंगळवारी मी तुझ्या दारात असेन, पोरीला घेऊन.

दोन वर्षांत जिला या नावानं कुणी हाक मारली नाही, ती तुझी,
लवंगी