नऊ नंबरची रंभा

१२ सप्टेंबर १९८३, सोमवार
आजपासून रोजनिशी. रिटायर होऊन दोन वर्षं झाली, पण रिकामा बसणारा माणूस मी नाही. एकतीस वर्षं पोस्टमन होतो. दिघोरी आणि आजूबाजूची सात गावं सायकलवर पालथी घातली. माझ्या हातून एकही पत्र मालक सापडला नाही म्हणून परत गेलं नाही. हे रेकॉर्ड आहे.
सकाळी अकराला बसवर टपालाची थैली आली. नव्या पोस्टमनला, इश्वरला, पत्रं लावून दिली. तो म्हणाला, काका, तुमी काहून तरास घेता, मी करतो नं. पोरगा भिडस्त आहे.
मला पत्र नव्हतं. असण्याचं कारणही नाही.
ही माहेरी गेलेली आहे. कोंढ्याला. भाच्याच्या बायकोच्या बाळंतपणासाठी, सव्वा महिना.

१४ सप्टेंबर, बुधवार
सायकलचा टायर बदलायला लाखांदूरला गेलो. चावडीच्या भिंतीवर एक सरकारी यादी. अकरा वर्षांपूर्वी नहरासाठी, म्हणजे कालव्यासाठी, जमिनी घेतल्या, त्यांचा मोबदला न नेलेल्या लोकांची. पैसा सरकारात पडून आहे. चौदा नावं. तेरा नावांवर कोणीतरी पेन्सिलने रेघ मारलेली, म्हणजे त्यांनी नेला. उरला नंबर नऊ:
'रंभा, अज्ञान, पालनकर्ता मामा नत्थू. रु. ११४०.'
तलाठ्याच्या भाषेत अज्ञान म्हणजे वयात न आलेली. एका लहान पोरीचा पैसा सरकारात पडला आहे आणि तिला कोणी सांगत नाही! चहावाल्याला विचारलं, तो म्हणाला, आमाले का मालूम. लोकांना दुसऱ्याची पर्वाच नाही.
ही केस माझी. आठ दिवसांत रंभा हजर करतो.

१५ सप्टेंबर
बक्षिसाचा विचार केला. मोकाट ढोर कोंडवाड्यात नेऊन दिलं तर आणणाऱ्याला काही मिळतं. मग मोकाट पैसा मालकापर्यंत नेऊन देणाऱ्याला मिळणारच. दहा टक्के धरू. भंडाऱ्याच्या भूसंपादन ऑफिसला तसा अर्ज केला. अक्षर फार छान आलं.
बक्षीस मिळालं की हिला आणायला जायचं. रिकाम्या हातांनी गेलो तर तिच्या भावाला, भोजराजला, वाटेल मी नमतं घेतलं. लग्नात सायकल देतो म्हणाला होता, दिली नाही. तेव्हापासून मी त्याच्या घरी पाण्याच्या ग्लासापलीकडे थांबलेलो नाही.
रात्रीचा भात लागला. खालचा सोडून खाल्ला.

२३ सप्टेंबर
आठ दिवस झाले. मुदत वाढवली आहे.
आज लाखांदूरच्या शाळेत. हेडमास्तर भैयाजी ओळखीचे. पहिली ते सातवी सगळे हजेरीपट पाहिले. सुनीता नऊ, संगीता सात, रंभा शून्य. भैयाजी म्हणाले, यादोराव, हे नाव आता कोन ठेवते, हे तं आपल्या वक्ताचं नाव. मी म्हटलं, कागदावर अज्ञान लिहिलं आहे, सरकारी कागद खोटं बोलत नाही.
पोरीला शाळेतच घातलं नसेल. नत्थू मामाचा राग आला. दुसऱ्याच्या लेकराचं असं कोणी करतं का?

४ ऑक्टोबर
शेजारची कलाबाई ताक घेऊन आली. तिला रंभेची केस समजावून सांगितली, पाऊण तास. ती म्हणाली, भाऊ, तुमी त्या पोरीले ढुंढून राहिले, पन आपल्या बायकोले कई आनता? म्हटलं, तब्येतीमुळे थांबली आहे. कलाबाई म्हणाली, दोन वर्सं?
दोन नाही. पुरती दोन येत्या दिवाळीला होतील.
कलाबाईचं म्हणणं, ही जाताना तिच्याजवळ बोलली होती की साऱ्या गावाच्या चिठ्ठ्या वाचून दाखवते हा मानूस, पन मी बोलली तं आयकू येत नाही त्याले. बायका बोलतात. मला सगळं ऐकू येतं. ही एकदा बोलायला लागली की मामाची धानाची बांधी, तळ्याची पाळ, मोहाचं झाड, खेकडे, असं तास तास चालायचं. माणूस दिवसभर सायकल मारून आला की पेपर वाचतो. त्यात ऐकण्यासारखं काय होतं?
शिवाय मी पत्र लिहिलं होतं. मागच्या उन्हाळ्यात, इनलँड, स्वच्छ अक्षरात: सौ. ललिताबाई यादोराव, मु. कोंढा. भोजराजचं नाव मुद्दाम घातलं नाही. आठव्या दिवशी परत आलं. 'या नावाची बाई गावात नाही.' कोंढ्याचा पोस्टमन काय लायकीचा आहे ते यावरून समजावं. मी असतो तर चार घरं विचारली असती.
ते पत्र ट्रंकेत आहे. पुन्हा टाकलं नाही. एकदा टाकलं होतं, तेवढं पुरे.

५ नोव्हेंबर, शनिवार
काल लक्ष्मीपूजन. दिवे लावले. पाच लावायचे ठरवले होते, दोन लावले. वारा होता.
रेडिओ बिघडला आहे. घरात फार शांत वाटतं. इथे कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो, फारच शांत वाटतं.
संकल्प: रंभा या महिन्यात सापडलीच पाहिजे.

१८ नोव्हेंबर, शुक्रवार
सापडली!! म्हणजे माग लागला.
लाखांदूरच्या तळ्याजवळ एक म्हातारी, शकुनबाई, धान वाळत घालत होती. दात एकही नाही, जीभ शाबूत. विचारलं, इथे नत्थू नावाचा कोणी होता का, त्याची एक लहान भाची? ती हसतच सुटली. म्हणाली, रंभी? रंभी कायची लहान, माह्या बरोबरीची ते. नत्थूमामाले लेकरूबाळ नवतं, त्यानं आपली बांधी भाचीच्या नावानं केली, तवा ते दहा वर्साची होती. नंतर कागदावर कोनं तिचं वय वाढवलंच नाही.
म्हणजे चाळीस वर्षं ही बाई सरकारदरबारी दहा वर्षांचीच आहे! म्हणूनच शाळेत सापडली नाही. माझी पद्धत बरोबर होती, कागद चुकला.
पुढे शकुनबाई म्हणाली, रंभी कोंढ्याची, तिले दिघोरीले देल्ली, नवरा डाकिया होता म्हंतेत, मोठा अकडू.

१९ नोव्हेंबर
दिघोरीत पोस्टमन मी एकटाच होतो. म्हणजे शकुनबाईची काहीतरी चूक होते आहे. वयामुळे होतं. दुसरी एखादी दिघोरी असेल. चौकशी करायला हवी.

२० नोव्हेंबर
दुसरी दिघोरी आहे म्हणतात, पण तिकडे कोंढ्याची सून असेल असं वाटत नाही.

२२ नोव्हेंबर
तीन दिवस थैलीवर गेलो नाही. इश्वर घरी येऊन पाहून गेला.
आमच्याकडे लग्न लागून सून घरात आली की परातीत तांदूळ पसरतात आणि नवरा त्यात बोटाने बायकोचं नवं नाव लिहितो. मी ललिता लिहिलं. का, तर माझा ल फार चांगला येतो. सगळ्यांनी पाहून वाहवा केली, तलाठीसुद्धा म्हणाला की अक्षर पाहावं तर यादोरावचं. मग आईने त्याच तांदळाचा भात टाकला.
आधीचं नाव काय, हे मी विचारलं नाही. कोणी सांगितलंही असेल. तिचे वडील तिला माय म्हणायचे, भोजराज बाई म्हणतो. मी तर काहीच म्हणत नसे. नुसता खाकरलो की यायची.
मामाची बांधी. तळ्याची पाळ. मोहाचं झाड. सगळं तिने सांगितलेलं आहे.
सात गावांतल्या माणसांची टोपणनावंसुद्धा मला पाठ आहेत. आजही.

२४ नोव्हेंबर
मन सावरलं. नीट पाहिलं तर याच्याइतकं चांगलं काही होऊच शकत नाही. हिचे पैसे मी शोधले! दुसऱ्या कोणाला जमलं असतं? भंडाऱ्याच्या ऑफिसला सगळा खुलासा लिहून कळवला: रंभा म्हणजेच ललिताबाई, हल्ली मुक्काम कोंढा, भाऊ भोजराज यांच्याकडे. यावेळी भोजराजचं नाव घातलं. मन मोठं ठेवावं लागतं.
शकुनबाईलाही कळवलं, लागली तर साक्षीला असावी म्हणून. खरं तर नवरा असताना साक्षीदाराची गरज नाही.

८ डिसेंबर
ऑफिसचं पत्र. मला नाही, तिला गेलं, मला नक्कल. १४ तारखेला भंडाऱ्यात हजर राहावं, ओळख पटवणारा इसम सोबत आणावा.
प्लॅन: मी ओळख पटवणार. ती पैसे घेणार. चारच्या बसने दोघं दिघोरीला.
कलाबाईकडून अंगण सारवून घेतलं. भांडी राखेने घासली. रेडिओ दुरुस्तीला टाकला, पण ती बोलत असताना लावायचा नाही असं ठरवलं आहे.

१४ डिसेंबर, बुधवार
भंडारा. सकाळी साडेदहापासून हजर. धुतलेलं धोतर, कोट.
ती भोजराजसोबत आली, मागे शकुनबाई. केस पांढरे झालेत. मला पाहून पदर घेतला, तब्येत विचारली. बरी आहे म्हटलं. मी तिची विचारायच्या आत पुकारा झाला.
साहेब तरुण, बोलायला चांगला. विचारलं, या बाईंना ओळखता? म्हटलं, तेहतीस वर्षांपासूनची बायको आहे, ललिताबाई. साहेब म्हणाला, ललिताबाई ठीक, ते लिहून घेतो. पण पैसा रंभेच्या नावाचा आहे. लग्नाआधी यांना रंभा म्हणून ओळखत होता का? यांच्या मामाची जमीन कुठे होती, शेजारी काय होतं?
तळ्याजवळ, एवढं बोललो. मग काही आठवेना. कोणत्या बाजूला, किती बांध्या, काही नाही. ती खाली पाहत होती.
मागून शकुनबाई बोलली, पाळीखाली, साहेब, मोहाच्या झाडापासून तिसरी बांधी, तिथंच आमी दोघी खेकडे धरत होतो, एक डाव रंभीच्या अंगठ्याले असा डसला का आजबी निशान असंल. तिने अंगठा दाखवला. होतं.
कागदावर दोन ओळी झाल्या. ललिताबाई हिला ओळखतो: यादोराव, सही. रंभा हिला ओळखते: शकुनबाई, अंगठा. पैसा अंगठ्यावर मिळाला.
बाहेर दोघी हसत होत्या. हिला असं हसताना मी पाहिलेलं नाही. किंवा पेपरमुळे लक्ष गेलं नसेल.
बसस्टँडवर म्हटलं, चला, चारची गाडी आहे. ती म्हणाली, म्हैस घ्याची हाये, कोंढ्यालेच, भावानं पाहून ठेवली. मग म्हणाली, दोन वर्सात एक चिठ्ठी नाई टाकली तुमी, आन् तुमी डाकिया. मी सांगितलं, टाकली होती, परत आली, अजून ट्रंकेत आहे. ती म्हणाली, काय नाव टाकलं? ललिताबाई? मायेरी मले ललिता कोन म्हंते.
कोंढ्याची गाडी आधी लागली.

१५ डिसेंबर
म्हैस बसमध्ये आणता येत नाही, हीच मुख्य अडचण असावी.

१७ डिसेंबर
इनलँड लिहिलं. बसून दोन कागद फाडले. पत्त्यावर: रंभाबाई, मु. कोंढा. भोजराजचं नाव घातलं नाही, त्याची गरज लागू नये. र तितकासा चांगला येत नाही माझा.
आत लिहिलं की घर रिकामं आहे, मला करमत नाही, आणि खेकडा कसा डसला ते सगळं पुन्हा सांगावं, मी ऐकेन. म्हैस घेऊन यायची असेल तर मी पायी न्यायला येतो. पेटीत स्वतः टाकलं.

२८ डिसेंबर
उत्तर नाही. नाताळामुळे टपाल तुंबतं.

९ जानेवारी १९८४, सोमवार
म्हैस नवी असली की हात रिकामा होत नाही. शिवाय तिला लिहिता येत नाही. कोणाकडून तरी लिहून घ्यावं लागेल. वेळ लागतोच.
परातीत तांदूळ पसरून र गिरवून पाहिला. बरा आला. मग त्याच तांदळाचा भात टाकला.

२४ जानेवारी, मंगळवार
इश्वर लांबूनच घंटी वाजवत आला. काका, तुमचं पत्र! चप्पल न घालता रस्त्यावर गेलो.
भंडाऱ्याचं ऑफिस. सप्टेंबरच्या बक्षिसाच्या अर्जाचं उत्तर. 'नऊ नंबरचा मोबदला मूळ मालकास अदा झाला असून सदर प्रकरणाशी आपला काही संबंध दिसून येत नाही.'
ऑफिसची चूक म्हणता येणार नाही. कागदावर जे आहे तेच लिहिलंय.
इश्वरला विचारलं, माझं कोंढ्याचं पत्र परत तर आलं नाही ना? नाई काका, तो म्हणाला, परत नाई आलं. दोनदा विचारलं.
सव्वा महिना झाला. परत आलं नाही, म्हणजे मालक सापडला. पत्र पोचलं आहे.