मयत लावलं का?

प्रिय मुकुल,

हे पत्र रुचिता तुला वाचून दाखवेल. म्हणजे माझं प्रत्येक वाक्य आधी तिच्या डोळ्यांखालून जाणार आणि मग तुझ्या कानांपर्यंत पोचणार. हे लक्षात ठेवूनच लिहायला बसले आहे. रुचिता, तुला आधीच सांगते, यात एक वाईट बातमी आहे. परवा फोनवर तू म्हणालीस, "क्षिप्राताई, त्याला चांगलं तेवढंच सांगा हं. तुमच्या दोघांच्या संशोधनाच्या पेपरचं काहीतरी छान सांगा. आता त्याला तेवढंच उरलंय." मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. पण मला ते जमणार नाही. तरी वाच. मध्येच घडी घालून ठेवू नकोस, आणि गाळून वाचू नकोस. त्याचं शरीर हलत नाही, पण गाळलेलं वाक्य त्याला अजून ओळखू येईल.

आधी कॉलेजचं सांगते. तुझ्या टेबलावर आता कोणी बसत नाही, पण सगळेजण त्यावर पेपरांचे गठ्ठे ठेवतात. खिडकीतल्या बदामाच्या झाडाची फांदी तोडली, त्यामुळे प्रयोगशाळेत दुपारी ऊन येतं आणि बरण्यांना काळं कापड गुंडाळावं लागतं. प्रयोगशाळेतल्या शेवंतीमावशी निवृत्त होऊन कळव्याला घरीच असतात. गेल्या महिन्यात वाटेत भेटल्या तेव्हा विचारलं, "सर उठून बसतात का आता?" मी मान हलवली, ती हो की नाही हे माझं मलाच कळलं नाही. तुझ्याबद्दल विचारणाऱ्या प्रत्येकाशी आम्ही असंच अर्धवट बोलतो. तुझ्या खोलीत तर पूर्ण खोटं बोलतो. आज चेहरा फ्रेश दिसतोय, बोट हलल्यासारखं वाटलं, नवीन औषध आलंय म्हणे. तू डोळे मिटून घेतोस. ते थकव्याने नाही, हे मला माहीत आहे. कोणी दुसऱ्यांदा न तपासलेला आकडा सांगितला की तू असेच डोळे मिटायचास.

तू आमच्या कॉलेजात आलास तेव्हा मला तुझा थोडा रागच आला होता. इतकी वर्षं तांब्याच्या तारा गोठवून त्यांच्यातून इलेक्ट्रॉन कसे जातात हे मोजणारा माणूस ठाण्याच्या कॉलेजात येतो, जिथे बर्फ हवा तर कॅन्टीनमधून आणावा लागतो, आणि तरी तक्रार करत नाही, हे काय? स्टाफरूममध्ये तू एकदा मला समजावलं होतंस. इलेक्ट्रॉनला धातूत अणूंची गर्दी अडवत नाही. अणू ओळीत नीट उभे असतील तर तो सरळ निघून जातो. त्याला अडवतं ते अणूंचं थरथरणं आणि मधेच कुठेतरी बसलेला एखादा परका अणू. धातू थंड करत गेलं की थरथर थांबते. परका अणू मात्र जागचा हलत नाही. सगळं शांत झाल्यावर जो रोध उरतो तो त्याचा. मी म्हटलं, "म्हणजे माझ्या सासरी मी." तू चहा सांडेपर्यंत हसलास. पुढे मी ते सासर सोडलं, तेव्हा तू एकही प्रश्न विचारला नाहीस, फक्त माझे तास घेतलेस.

मग तू माझ्या जिवाणूंच्या मागे लागलास. खाडीच्या चिखलात, हवा पोचत नाही तिथे राहणारे काही जिवाणू असतात, आणि त्यांच्या अंगावरची विकरं, म्हणजे एन्झाइम्स, अन्नातले इलेक्ट्रॉन काढून बाहेरच्या धातूला देतात, एवढं मी तुला सांगितलं. तू म्हणालास, "अगं, मग तुझी पोरं जे बाहेर फेकतायत ते मी तारेत पकडतो की!" कळव्याच्या खाडीकाठी आपण दोघं गुडघाभर चिखलात उतरलो. तुझी एक चप्पल आत राहिली ती राहिलीच. कोळंबी सोलत बसलेल्या बाया म्हणाल्या, "काय हरवला काय सायेब?" तू म्हणालास, "अजून सापडलं नाही, मग हरवेल कसं?" त्या चिखलाच्या बरण्या भरल्या, प्रत्येकीत ग्रॅफाइटची कांडी रोवली, वरच्या टोकाला क्लिप, क्लिपला तार आणि तार तुझ्या मीटरला. मीटरला तू एक छोटा भोंगा जोडला होतास, पुरेसा प्रवाह आला की गुणगुणणारा. शेवंतीमावशी त्याला भुंगा म्हणायच्या. तो पहिल्यांदा वाजला तेव्हा तू बरणीला हात लावलास, बाळाचं कपाळ बघतात तसा. बाळ तुला नि रुचिताला नव्हतं, मलाही नव्हतं. रुचिता, हे तुला लागेल असं लिहिलं, पण ते तसंच होतं.

आणि आपलं ते "मयत". प्रत्येक प्रयोगात एक बरणी अशी हवी की जिच्यातले जिवाणू प्रेशर कुकरमध्ये आधीच मारलेले आहेत. बाकी सगळं तेच, फक्त जीव नाही. तिच्यातून प्रवाह आला नाही, तरच जिवंत बरणीतला प्रवाह जिवाणूंचा असं म्हणता येतं. पुस्तकात तिला चांगलं भारदस्त नाव आहे, पण तू पहिल्या दिवसापासून तिला मयत म्हणायला लागलास. कॉरिडॉरच्या त्या टोकाकडून ओरडायचास, "क्षिप्रा, मयत लावलं का?" एकदा प्राचार्यांच्या केबिनमध्ये पाहुणे बसलेले असताना ओरडलास, आणि कोण गेलं म्हणून सगळे बाहेर आले. मीही ओरडायचे, "मयत थंड होतंय, मग उचलू!" शेवंतीमावशींना मात्र ते आवडायचं नाही. बरण्या त्या धुवायच्या. त्या म्हणाल्या, "सर, मयताचा सामान जित्याला लावाचा नाय." तू गंभीर चेहरा करून म्हणालास, "मावशींचं बरोबर आहे. मयताला सगळं वेगळं, सगळं कोरं." आणि खरंच नव्या कोऱ्या क्लिपा आणल्यास, त्यांना पांढरा दोरा बांधलास. त्या फक्त मयताच्या. जिवंत बरण्यांना आपल्या जुन्याच, वापरून वापरून मुलामा उडालेल्या. मावशी खूश झाल्या आणि आपण हसलो. पुढे ती सवय झाली. सवय झालेल्या गोष्टीकडे कोण बघतं?

आता तुला कळलं असेल, मी पुढे काय सांगणार आहे ते. तुला माझ्या आधी कळतं.

ऐश्वर्या म्हणून नवीन विद्यार्थिनी आली आहे. तिला दोऱ्याची गोष्ट कोणी सांगितली नव्हती. तिने हाताला लागल्या त्या क्लिपा लावल्या, आणि धावत माझ्या वर्गाच्या दारात आली. "मॅडम, माझं काहीतरी गंडलंय. मयत वाजतंय." मी तिला रागावले. म्हटलं, नीट मारलं नसशील, कुकर पुन्हा लाव. तिने पुन्हा लावला. मयत वाजलं. मग मी स्वतः मारलं, स्वतः बरणी भरली, जुनी क्लिप लावली. भुंगा गुणगुणायला लागला. त्या बरणीत जिवंत असं काहीच नव्हतं, मुकुल. मी खुर्चीत बसून ऐकत राहिले. ऐश्वर्या घाबरून म्हणाली, "मॅडम, बंद करू का?" मग पांढऱ्या दोऱ्याच्या क्लिपा जिवंत बरणीला लावल्या, तेव्हा भुंगा गप्प झाला.

खाडीचं खारं पाणी कांडीवरून वर चढत होतं. जुन्या क्लिपेचं उघडं पडलेलं लोखंड त्यात विरघळत होतं, आणि इलेक्ट्रॉन तिथून येत होते. विकरांतून नाही. आपण लोखंडाचं गंजणं ऐकत होतो आणि त्याला जीव म्हणत होतो. एवढी वर्षं धातूंबरोबर काढलेल्या तुला ते दिसलं नाही आणि मलाही नाही, कारण आपलं सगळं लक्ष जिवंत बरणीकडे होतं.

मी अजून काही शिल्लक राहतं का ते पाहिलं. सगळ्या क्लिपा काढून सोन्याची तार थेट कांडीला बांधली. जिवंत बरणीतून अगदी बारीकसं काहीतरी येतं. ते तुला सांगून हे पत्र गोड करता आलं असतं, बघ, थोडं आहे, आपण अगदीच चुकलो नव्हतो. पण ते मीटरच्या स्वतःच्या थरथरीपेक्षा मोठं नाही. तू ते मान्य केलं नसतंस. म्हणून मीही करत नाही.

कोणाला न सांगता हे असंच राहू देता आलं असतं का, याचा विचार मी केला. तुझ्यासाठी केला. तुझ्या उशाशी आपला छापून आलेला तो पेपर फ्रेम करून लावलाय, येणारा प्रत्येक जण तो वाचतो आणि मग तुझ्याकडे बघतो. पण मदुराईहून एका मुलीचा मेल आला आहे. आपला प्रयोग ती कधीपासून करून बघते आहे आणि तिच्या बरण्यांतून काही येत नाही. तिने लिहिलंय, माझ्या हातातच काही कमी आहे असं वाटतं, गाईड म्हणतात हा विषय तुला झेपणारा नाही, कृपया माझी चूक दाखवा. मी उत्तर लिहायला घेतलं आणि थांबले. तिच्या हातात काही कमी नाही. तिच्या क्लिपा चांगल्या असतील, एवढंच. पेपर मागे घ्यायला दोघांची संमती लागते. तुझी संमती घेतल्याशिवाय मी तिला काही कळवू शकत नाही, आणि दर दिवशी ती पोर स्वतःला थोडी अजून नालायक ठरवते आहे.

तुझ्या आजाराबद्दल पहिल्यांदा कळलं तेव्हा मी मूर्खासारखं म्हटलं होतं, म्हणजे आतला करंटच कमी होतोय का रे? जीभ जड झालेली असतानाही तू मला सुधारलंस, "नसांत इलेक्ट्रॉन नसतात गं, आयन असतात. मायक्रोबायॉलॉजीवाली ना तू?" ते तुझं मी ऐकलेलं शेवटचं सलग वाक्य. नंतर तुझे बाबा ज्या वीजघरात कामाला होते त्याचं बंद आवार तुमच्या खिडकीतून बघत मी किती वेळा बसले, आणि काय काय बोलायचं राहिलं, ते लिहीत नाही. काही गोष्टींना मयत लावता येत नाही, म्हणून मी त्या कधी मोजल्या नाहीत.

आता त्या रविवारचं, ज्यामुळे हे पत्र लिहिते आहे. रुचिता तक्ता धरून बसली होती. तिचं बोट अक्षरांवरून फिरायचं आणि हव्या त्या अक्षराला तू डोळे मिटायचास. त्या दिवशी तू माझ्याकडे बघत होतास. म, मग य, मग त. रुचिताच्या हातातून तक्ता पडला. ती रडत आत गेली, "असलं अभद्र बोलू नकोस रे" म्हणाली, आणि नंतर तो तक्ता कपाटावर गेला. तेव्हापासून तुला कोणी काही विचारत नाही. मी तिथेच उभी होते. तू काय विचारलंस हे त्या खोलीत मला एकटीलाच कळलं होतं, आणि तोवर ऐश्वर्या माझ्या दारात आलेली नव्हती, म्हणून मला वाटलं, तू नुसती जुनी गंमत आठवतो आहेस. मी हसले आणि निघाले. आता कळतं की तू पडल्या पडल्या प्रयोग पुन्हा मांडून पाहिला असशील आणि त्या दोऱ्यापाशी येऊन थांबला असशील. रुचिता, तो त्याच्या मरणाबद्दल बोलत नव्हता. किंवा बोलतही असेल, मला कसं कळणार? ते त्याला तूच विचार, मी नाही. तुला भीती वाटू नये म्हणून तो गप्प आहे, आणि त्याला वाटू नये म्हणून तू. आता कपाटावरचा तक्ता खाली काढ, त्याच्यापुढे धर, आणि आधी पेपरचं विचार. हो असेल तर तो एकदा डोळे मिटेल. मग ती फ्रेम खाली उतरव. मग दुसरं विचार, आणि तो जे सांगेल ते पूर्ण होईपर्यंत बोट फिरवत राहा. मुकुल, तू विचारलंस आणि मी उत्तर न देता निघून आले, म्हणून हे एवढं. मयत लावलं रे. वाजलं.

चिखलात तुझ्या शेजारी उभी असलेली, तुझीच,
क्षिप्रा