हरकतींचं पाकीट

श्रीरंग,

चार्जर शोधताना तुझ्या बॅगेत ते पाकीट सापडलं. कोळशाच्या वीजकेंद्राविरुद्ध अख्ख्या बिल्डिंगमधून जमवलेल्या हरकती त्यात तशाच आहेत. शुक्रवारी मुदत संपली. “टाकलं ना पोस्टात,” म्हणाला होतास. तुझ्या कंपनीला तिथलं काम मिळालंय, ते कळतं मला. पण सांगायचंस तरी, मीच गेले असते.

खालच्या फ्राऊ लेमान आजींनी चष्मा शोधून, सगळं वाचून सही केली होती. त्यांच्यापासूनच सुरुवात करतेय, दारोदार माफी मागायला. मीच विसरले, असं सांगेन. ध्रुवला चारला पाळणाघरातून आण. खिचडी कुकरमध्ये आहे.

गठ्ठ्यात सगळ्यात वर तुझीच सही आहे. तीच दाखवून मी बाकीच्यांच्या घेतल्या होत्या.

देवश्री