तिरप्या पट्ट्यांचा भाव

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज माप घेऊन आलो. चार बंगल्याजवळचं कमर्शियल कॉम्प्लेक्स, सेहेचाळीस गाड्यांचं पार्किंग, सगळ्या रेषा नव्याने मारायच्या. हे काम मला कल्पिताच्या आईमुळे कळलं. मंजुळामावशी तिथेच गेटच्या आतल्या कोपऱ्यात मासळीची पाटी घेऊन बसते. चौदा वर्षं. वॉचमन तुळशीदास तिला बोलला, ती कल्पिताला, कल्पिता मला.

धोंडिरामकाका खूश. मला म्हणाले, "चार महिन्यांत पहिलं गिऱ्हाईक आणलंस. डिप्लोमा उगाच नाही सोडलास." टोमणा होता. गिळला. सेठ आहेत, पगार देतात.

टेपचं दुसरं टोक तुळशीदासने धरलं. मावशी पापलेट कापता कापता ओरडली, "नीट माप रं बाला, माझ्या पाटीवरून रेघ नको नेऊस!" सगळे हसले. मीपण.

ती बसते त्या कोपऱ्यात पिवळे तिरपे पट्टे होते, गाडी लावू नये म्हणून. आता पार झिजलेत. पण गाडी कोणी लावत नाही, म्हणून तिची जागा टिकून आहे.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

कोटेशन मी एकट्याने बनवलं. पहिल्यांदा! रेषांचे अठरा हजार नऊशे पंचाहत्तर. बाण आणि व्हीलचेअरची खूण, पाच हजार. रंग वितळवायची भट्टी नेण्याआणण्याचे चार हजार. आणि कोपऱ्यातले तिरपे पट्टे — आठ हजार दोनशे पन्नास. एवढासा कोपरा, पण तिरप्या पट्ट्यांना रंग फार जातो. साध्या चौकटीला नुसती कड लागते, पट्ट्यांना अर्धी जमीन भरावी लागते. एकूण छत्तीस हजार दोनशे पंचवीस.

लोकांना वाटतं चार रेघोट्या मारायला कसले पैसे. बाबांनाही वाटतं. जेवताना म्हणाले, "म्हणजे आता तू रांगोळी घालतोस." ताटावरून उठलो. आईने नंतर पोळी खोलीत आणून ठेवली.

कल्पिताला मेसेज केला — छत्तीस हजारांचं काम! तिने लिहिलं, झकास. आता केटी पण देऊन टाक रे.

सगळं त्या राहिलेल्या विषयाच्या परीक्षेवर आणून सोडते.

१५ नोव्हेंबर, शनिवार

वेसाव्याच्या जेट्टीवर गेलो होतो, कल्पिताला न सांगता. ती परेशबरोबर उभी होती. परेश म्हणजे त्यांच्या कोळीवाड्यातला, बर्फाचा धंदा करणारा. ती हसत होती. माझ्याशी बोलताना असं मान मागे टाकून हसत नाही.

मी सरळ गेलो आणि विचारलं, "हे काय चाललंय?" परेश म्हणाला, "बर्फ चाललाय दादा, बाजूला व्हा, वितळेल." तिला अजूनच हसू आलं. मी त्याची कॉलर धरली.

कल्पिताने माझा हात सोडवला. म्हणाली, "तू घरी जा. तुझं डोकं थंड झालं की फोन कर. आणि त्याचं माझं काही नाहीये, मूर्खा."

ऐकलं. विश्वास ठेवला नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

हे लिहू नये असं वाटतंय, म्हणून लिहितो.

कॉम्प्लेक्सच्या मॅनेजरने बोलावलं. म्हणाला, कमिटीने तीस हजारांच्या आत सांगितलंय. "कुठे कमी करता येईल ते तूच बघ, तू शिकलेला आहेस." मी दोन दिवस झोपलो नव्हतो. कल्पिताने फोन उचलला नव्हता, आणि मी सत्तावीस वेळा केला होता. आत येताना मावशीने हाक मारली होती, "जेवलास का रं?" मी मान फिरवून पुढे गेलो. का कोण जाणे, तिच्यावरही राग होता. त्यांचा परेश, त्यांची जेट्टी, त्यांचं हसणं.

मॅनेजरने परत विचारलं, आणि मी म्हणालो, "कोपऱ्यातले तिरपे पट्टे काढून टाका. तिथे दोन चौकटी बसतात. सात हजार एकशे पन्नास वाचतील, वर दोन गाड्यांची जागा मिळेल."

एवढंच वाक्य. मॅनेजर खुर्चीत सरळ झाला. "अरे, हे आम्हाला कसं नाही सुचलं?"

कोणालाच सुचलं नव्हतं. चौदा वर्षं.

एकोणतीस हजार पंच्याहत्तर. तिथल्या तिथे सही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी राग उतरला. वाटलं, मॅनेजरला फोन करून सांगावं, काका नाही म्हणतात, पट्टे ठेवा. नंबर काढला. केला नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

कॉम्प्लेक्स बंद, म्हणून आज काम. मावशीही रविवारी तिथे नसते, बाजारात बसते.

कोपरा शेवटी ठेवला. खडूचं सूत मारलं, पुसलं, परत मारलं. काका म्हणाले, "अरे रंग भट्टीत घट्ट होतोय, मुहूर्त काढतोस काय?" मग ओढल्या. रेषा सुंदर आल्या. काकांनी फोटो काढून ग्रुपवर टाकला.

तिच्या जागेची फरशी खवल्यांनी चकचकत होती. रंग धरेना. ब्रशने घासून काढावी लागली. मीच घासली.

२६ नोव्हेंबर, बुधवार

सोमवारी मावशी आली तेव्हा चौकटीत एक पांढरी गाडी उभी होती. तुळशीदासने सांगितलं मला. ती पाटी डोक्यावर घेऊन बराच वेळ उभी राहिली म्हणे, मग फुटपाथवर बसली, तासाभरात पालिकेची गाडी आली. माल उचलून नेला.

आज संध्याकाळी कल्पिताचा फोन. अकरा दिवसांनी! आवाज रडलेला. "अनय, तुझी ओळख झालीये ना त्या मॅनेजरशी? प्लीज बोल ना. आई कधी कोणाकडे मागत नाही, म्हणून मी मागतेय."

हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

मॅनेजरकडे गेलो. म्हणालो, माझ्या पगारातून खर्च करतो, रेषा खरवडून काढतो, पट्टे परत मारतो. तो हसला. "खर्चाचा प्रश्नच नाही रे. एका जागेचा पास गेला, महिना साडेतीन हजार. दुसरीला गिऱ्हाईक बघतोय. आता कमिटी सोडेल का? तुझीच तर आयडिया!"

त्याने चहा मागवला माझ्यासाठी. प्यालो.

२ डिसेंबर, मंगळवार

कल्पिताला सांगितलं. सात बंगल्याच्या बसस्टॉपवर. सगळं, त्या वाक्यासकट.

वाटलं होतं थोबाडीत मारेल. तिने विचारलं, "किती वाचले त्यांचे?"

"सात हजार एकशे पन्नास."

"माझ्याकडे मागायचेस. दिले असते."

 तिने दोन बसेस सोडल्या. मी सॉरी म्हणालो, तर म्हणाली, "मला नको म्हणूस." मग म्हणाली, "आईला तू आवडायचास, माहितीये? भडक डोक्याचा आहे पण पोटात काही ठेवत नाही, म्हणायची. लग्नाचं काढायची तर मीच तिला थांब म्हणत होते, आधी परीक्षा देऊ दे त्याला."

तिसऱ्या बसमध्ये चढली.

३ डिसेंबर, बुधवार

मावशीच्या घरी गेलो, कोळीवाड्यात. पाया पडायला. दारातच म्हणाली, "ठाव हाय मला. मॅनेजरनेच सांगितलं पहिल्या दिवशी, तुझं नाव घेऊन." म्हणजे तिला आधीपासून माहीत होतं. आणि तिने पोरीला सांगितलं नव्हतं.

मी विचारलं, का?

"तू सांगतोस का ते बघत होते."

पाणी दिलं. आत ये म्हणाली नाही.

१० डिसेंबर, बुधवार

मावशी आता पाटी घेऊन कांदिवलीपर्यंत टॉवर-टॉवर फिरते. गुडघा धरलाय, असं तुळशीदास म्हणतो.

केटीचा फॉर्म भरला. कोणाला सांगितलं नाही. सांगायला राहिलंय कोण?

७ जानेवारी, बुधवार

आज बाण दुरुस्त करायला कॉम्प्लेक्समध्ये गेलो होतो. दुसऱ्या चौकटीत बर्फाचा टेम्पो उभा. मागचं फाळकं खाली टाकलेलं, त्यावर मावशी बसलेली, समोर पाटी, सहा गिऱ्हाइकं. तुळशीदासला विचारलं, हे चालतं? म्हणाला, "पास आहे, गाडी रेषेच्या आत आहे, मी कशाला बोलू? परेशने वर्षाचे एकदम भरलेत. होणारी सासू आहे बाबा त्याची. गेल्या रविवारीच ठरलं."